लॉनमधली आंबुशी: शेंग तडकायच्या आत काढा

पावसाळ्यात मुंबईतल्या सोसायट्यांच्या लॉनवर तीन-तीन पानांचं जे बुटकं तण पसरतं, ते बरेचदा आंबुशी असतं. काही जण त्याला आंबुटी म्हणतात. रानमेथीही तीन पानांचीच, त्यामुळे फूल आणि शेंग बघून खात्री करा. आंबुशीचं फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं. शेंग उभी, कोनेदार, नखाएवढ्या भेंडीसारखी. रानमेथीचं फूल जांभळट, शेंग चपटी आणि कपड्यांना चिकटणारी.

खरी डोकेदुखी या शेंगेची. पिकलेल्या शेंगेला नुसता हात लागला तरी ती तडकते आणि बी काही फुटांवर उडतं. त्यात गवत कापायचं मशीन फिरवलं की तेच बी लॉनभर जातं. म्हणून आधी तण, मग कटिंग. शेंगा पिकल्याच असतील तर झुडपावर ओलं फडकं टाकून ते फडक्यासकट उचला.

उपटायला पाऊस पडून गेल्यावरची मऊ माती बरी. कोरडी असेल तर आदल्या संध्याकाळी पाणी द्या. फांद्या जमिनीलगत सरपटतात आणि पेराला पेराला मुळं धरतात. वरून ओढलं तर फांदी तुटते, मूळ आतच राहतं, आणि त्यातून परत फूट येते. एका टोकापासून फांदी सोडवत मधल्या सोटमुळापर्यंत या आणि तिथे खुरपी खुपसून मूळ उचकटा. खोल खणू नका, कारण उजेड मिळाला की खालचं बी रुजतं. काढलेलं तण पिशवीत बांधून टाका. खताच्या खड्ड्यात नको. दर आठवड्याला फेरी हवीच.

उघडी पडलेली जागा लगेच लॉनच्या तुकड्याने भरा. गवत फार खरडू नका, दीड इंच तरी ठेवा. ते पिवळं पडत असेल तर चौरस मीटरला १० ग्रॅम युरिया टाकून लगेच भरपूर पाणी द्या, नाहीतर पातं जळतं. नर्सरीतून आणलेल्या कुंड्यांमध्ये आणि लाल मातीच्या गोणीत हे तण हमखास येतं, तेव्हा कुंडीची वरची माती आधी बघा.

तणनाशक फवारायचा मोह आवरा. टू-फोर-डी आंबुशीवर फारसं चालत नाही, वर त्याचे तुषार शेजारच्या जास्वंदीला किंवा टोमॅटोला वाकडं करतात. ग्लायफोसेट तर लॉनच मारतं.