डोंगर किती जुना? झिरकॉनच्या वयावरून बोलण्याआधी या चुका टाळा

झिरकॉन म्हणजे ग्रॅनाइटसारख्या खडकातला खनिजाचा बारीक दाणा, त्यावरून खडकाचं वय काढतात. पहिली चूक आपल्या नाशिककडचीच. ब्रह्मगिरी नाहीतर अंजनेरीचा काळा कातळ घ्यायचा आणि विचारायचं की पृथ्वीच्या कवचाच्या कुठल्या प्लेट्स धडकून हा डोंगर झाला? अहो, सह्याद्री टकरीतून झालेलाच नाही, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले, पुढे नद्यांनी ते कापले. खाणीत कातळाच्या पोकळीत सापडणारे स्फटिक, म्हणजे आपलं स्टिल्बाइट, अपोफिलाइट, लाव्हा थिजल्यावर बनलेले, त्यांच्या वयावरून कातळाचं वय सांगू नका. टकरीचा इतिहास हवा असेल तर हिमालय, पूर्व घाट, अरवलीतले नाईस, शिस्ट (दाबाने-उष्णतेने बदललेले खडक), ग्रॅनाइट बघायचे.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. झिरकॉन बनताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळपास घेतच नाही, पुढे युरेनियमचं ठरावीक वेगाने शिसं होत जातं, म्हणून घड्याळ म्हणून भारी. पण हा दाणा भयंकर चिवट, खडक वितळला तरी बऱ्याचदा टिकतो आणि त्याच्यावर नवीन थर चढतो. हिमालयातल्या काही पांढऱ्या ग्रॅनाइटमध्ये दाण्याची कड साधारण २ कोटी वर्षांची आणि गाभा ५० कोटी किंवा त्याहूनही जुना! वय मोजायला दाण्यावर लेझर मारतात, त्याचा ठिपका असतो २०-३० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कड कधीकधी त्याहून बारीक, ठिपका दोन्हीवर पडला की मधलंच काहीतरी वय येतं, जेव्हा तिथे काहीच घडलेलं नव्हतं. म्हणून आधी कॅथोडोल्युमिनेसन्स फोटो (इलेक्ट्रॉनच्या झोताने दाणा चमकवून काढलेला) काढा, त्यात दिसणारे वाढीचे पट्टे नीट बघा, मगच ठिपका कुठे मारायचा ते ठरवा, हे टाळून पुढे जाऊच नका.

युरेनियम-२३८ आणि २३५ (युरेनियमचे दोन प्रकार, वेगवेगळ्या वेगाने शिसं होणारे) ही दोन घड्याळं वेगवेगळी वयं दाखवतायत? मग बहुतेक शिसं गळालंय किंवा दोन वयं मिसळलीत, सरासरी काढून मोकळं होऊ नका, दाण्याला तडे गेलेत का ते तपासा.

आणि बायोटाइटचं (काळ्या अभ्रकाचं) आर्गॉन वय, म्हणजे त्यातल्या पोटॅशियमपासून साचलेल्या आर्गॉन वायूवरून काढलेलं, आलं की "टक्कर तेव्हा झाली" असं लिहू नका. ते घड्याळ साधारण ३०० अंशांच्या खाली आल्यावर चालू होतं, म्हणजे ते खडक थंड होत वर येतानाचं वय, टक्कर त्याच्या कितीतरी आधीची असू शकते. खडक खोलवर दाबला जात होता तो काळ हवा असेल तर त्याच खडकातल्या गार्नेट या खनिजाचं ल्युटेशियम-हाफ्नियम वय (ल्युटेशियमचं हळूहळू हाफ्नियम होतं त्यावरून) काढा आणि मोनाझाइट या दुसऱ्या खनिजाच्या वयाशी ताडून बघा.