नवतपा सरला की छाटणी: ग्रामपंचायतीने मे महिन्यातच करायची तयारी

फाट्यावरची मेहंदी, शाळेभोवतीची कोयनेल, दवाखान्यासमोरची कण्हेर या झुडपांच्या कुंपणांची छाटणी आपल्याकडे पाऊस सुरू झाल्यावरच आठवते. तोवर मजूर पेरणीवर गेलेला असतो. मृग 7-8 जूनला लागतो. पेरणीजोगा पाऊस पडला की कपाशी-सोयाबीन सोडून कोणी कैची धरायला येणार नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकतही नाही. त्याआधी करावं, तर 25 मेपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस. त्या उन्हात झुडूप उघडं पाडलं की आतली कोवळी फांदी करपते. उरतात ते नवतपा सरल्यावरचे, मृगाआधीचे चार-पाच दिवस. ते साधायचे असतील तर मासिक सभेत खर्चाला मंजुरी मेमध्येच घ्या आणि मजूरही तेव्हाच सांगून ठेवा.

मेच्या अखेरीस सकाळच्या वेळी सगळ्या कुंपणांवरून एक फेरी मारा. ही फेरी कृपा करून टाळू नका. फांद्या हाताने सारून आत बघा. बेचक्यात वाटीएवढं घरटं आणि त्यात लालसर ठिपक्यांची दोन-तीन अंडी दिसली, तर ते बुलबुलाचं. तिथे लाल चिंधी बांधा आणि पिल्लं उडून जाईपर्यंत तेवढा भाग सोडून द्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं शिकारीतच मोडतं. कायदा नसता तरी दोन हात कुंपण महिनाभर वाढलेलं राहिल्याने गावाचं काय बिघडतं?

याच फेरीत बुंध्याशी साचलेला पालापाचोळा काठीने हलवून घ्या, घोणस तिथेच पडून असते. मजुरांना जोडे आणि जाड हातमोजे पंचायतीने द्यावेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं इंजेक्शन शिल्लक आहे का, तेही विचारून ठेवा. विजेच्या तारेखाली बोगनवेल चढली असेल, तर लाइनमनने परमिट घेऊन लाइन बंद केल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. त्याला तारीख आधीच कळवा.

लांब दांड्याच्या कैच्या, सिकेटर (एका हाताने चालवायची छाटणीची कात्री) आणि करवत धार लावून तयार ठेवा. कोयता नकोच, त्याने साल ओरबाडते आणि कुज शिरते. करवतीने कापलेल्या जाड फांदीच्या जखमेला बोर्डो मलम लावायचं: मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर, प्लास्टिकच्या भांड्यात. वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या कास्तकाराला हे विचारा, तो हातानिशी करून दाखवेल. आपल्याला दहावा हिस्साही पुरतो.

मजुरांना आकार आधी समजावून सांगा: खाली रुंद, वर अरुंद, म्हणजे बुडाच्या पानांनाही ऊन मिळतं आणि कुंपण खालून विरळ होत नाही. एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नका. एसटी वळते त्या कोपऱ्यावर मात्र उंची कमरेच्या खालीच हवी, कारण शाळेची पोरं तिथूनच रस्ता ओलांडतात.

कापलेला हिरवा पाला न्यायला बंडी ठरवा आणि नाडेपचं, म्हणजे कंपोस्ट खताचं टाकं रिकामं करून ठेवा. पुसदच्या नाडेपकाकांची ही पद्धत आपल्याच विदर्भातली, तरी पाला उकिरड्यावर जाळला जातो, याचं वाईट वाटतं. कण्हेर मात्र वेगळी ठेवा. ती विषारी आहे, बकऱ्यांच्या तोंडी किंवा कोणाच्या चुलीत जाता कामा नये. तिच्यासाठी खड्डा आधीच खणून ठेवा आणि संध्याकाळी घरी जाण्याआधी तो बुजवून टाका.