सांबऱ्याहून विमान किती वेळात पोचतं? हिशेब घरीच करा

शाळेत गणित शिकवलं म्हणून असेल, खानापुरात कुणाचं पोर विमानानं निघालं की माझ्याकडं विचारणा येते. गाडीचे किलोमीटर इथं धरायचे नाहीत. विमानाला कात्रजचा घाट नाही, टोलनाका नाही.

फोनच्या नकाशावर दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश बघा. सांबरा, म्हणजे बेळगावचा विमानतळ, 15.9 उत्तर, 74.6 पूर्व, दिल्ली 28.6 आणि 77.1. अक्षांशांचा फरक 12.7, एका अंशाला साधारण 111 किलोमीटर, म्हणून गुणिले 111, म्हणजे 1410 किलोमीटर. रेखांशांचा फरक 2.5, पण उत्तरेकडं जाल तशा रेखांशाच्या रेषा जवळ येतात, म्हणून इथं 103 नं गुणा: 257. पुढं पायथागोरस. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. साधारण 1430 किलोमीटर.

आता वेळ. जेट विमानाला ताशी 800 धरा आणि चढ-उताराचा अर्धा तास वर टाका. सव्वादोन तास झाले. तिकिटावर थोडं जास्त दिसेल, कारण धावपट्टीपर्यंत रांगतं तेही त्यात मोजतात. पंख्याचं छोटं विमान, एटीआर, असेल तर ताशी 500 च्या आसपास धरा. मुंबई सरळ रेषेत जेमतेम 400 किलोमीटर, तिथं हा फरक फार जाणवत नाही.

खरा वेळ जमिनीवर जातो बघा. खानापूरहून बेळगाव पंचवीसेक किलोमीटर, पुढं सांबरा दहा. त्यात दीड-दोन तास आधी पोचायचं. मुंबईचं विमान सकाळी सहाचं असेल तर घरातून तीनलाच निघा.