रोब्लॉक्समध्ये रिटर्न आणि इव्हेंट कसे वापरावे

समजा, रोब्लॉक्स स्टुडिओत (रोब्लॉक्सचे गेम बनवायचं सॉफ्टवेअर) तुम्ही इंदूरचा सराफा उभा केलाय. रात्रीची वेळ, सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं खाली, पुढे खाऊच्या गाड्या. खेळाडूचा गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) प्लेटला स्पर्श झाला की एक गुण. बाजार रचणं सोपं, घोडं अडतं या गुणापाशी.

आधी हिशेबाचं फंक्शन, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, लिहा, नाव ‘नवेगुण’. (कोडमध्ये नावं रोमन अक्षरांतच, लुआउ ही रोब्लॉक्सची भाषा देवनागरी नावं घेत नाही.) त्यानं जुने गुण घ्यायचे, एक मिळवून रिटर्न करायचे, म्हणजे बोलावणाऱ्याला परत द्यायचे. उत्तर व्हेरिएबलमध्ये धरा. नाहीतर हिशेब होतो आणि वाया जातो. आत रिटर्न लिहायचं राहिलं तर हाती निल, म्हणजे ‘काहीच नाही’, येतं. निलमध्ये बेरीज करायला गेलात की आउटपुटमध्ये लाल ओळ.

आता प्लेटमध्ये सर्व्हर स्क्रिप्ट टाका आणि प्लेटच्या ‘टच्ड’ इव्हेंटला (स्पर्श झाला की मिळणाऱ्या सूचनेला) ‘कनेक्ट’नं दुसरं फंक्शन जोडा, ‘स्पर्शझाला’. कनेक्टच्या कंसात नुसतं नाव लिहायचं. नावापुढे आणखी कंस टाकलेत की फंक्शन तिथल्या तिथे चालतं आणि कनेक्टच्या पदरात त्याचं रिटर्न पडतं, म्हणजे बहुधा निलच. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो.

टच्ड तुम्हाला खेळाडू देत नाही, टेकलेला पार्ट, म्हणजे ठोकळा किंवा शरीराचा तुकडा, देतो. त्याचा पेरेंट, म्हणजे तो ज्याच्या आत आहे ती वस्तू, ‘गेटप्लेअरफ्रॉमकॅरेक्टर’ला द्या; हे शरीर कोणत्या खेळाडूचं ते सांगतं. खेळाडू मिळाला तर पुढे चला. निल आलं तर रिटर्न लिहून बाहेर पडा: घरंगळत आलेली कढई असेल, नाहीतर खेळाडूची टोपी. टोपीचा पेरेंट ॲक्सेसरी असतो, म्हणून तिथेही निल.

गुण याच फंक्शनच्या आत लीडरस्टॅट्समध्ये (खेळाडूच्या गुणफलकात) वाढवा. इथून ते रिटर्न करून काही साधत नाही. ‘नवेगुण’ तुम्ही बोलावलंत, म्हणून उत्तर तुमच्याकडे आलं. ‘स्पर्शझाला’ला बोलावतं इंजिन, आणि त्याला उत्तर नकोच असतं.

चालवून पाहिलंत की एका धडकेत गुण भराभर चढतील. डावा पाय, उजवा पाय, हात, प्रत्येकाचा टच्ड वेगळा. प्लेट एकदाच खायची असेल तर उपाय हाताशी आहे: कनेक्टसुद्धा रिटर्न करतं, ते म्हणजे जोडणी. ती व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि पहिला गुण देताच ‘डिस्कनेक्ट’ करा. फक्त हे लोकल व्हेरिएबल ‘स्पर्शझाला’च्या वरच जाहीर करा, खाली केलंत तर फंक्शनला ते दिसत नाही आणि पुन्हा निल.