कला परिषदेच्या कार्यक्रमांत भाग कसा घ्यावा

आपल्या भागात कला परिषद, म्हणजे कलांना आधार देणारी आणि त्यांचे कार्यक्रम भरवणारी संस्था, असेल तर तिच्या वर्षभराच्या कार्यक्रमांची यादी एकदा सावकाश वाचा. सामूहिक चित्रप्रदर्शन, मुलांचं सुट्टीतलं शिबिर, मोठ्यांसाठी मातीकामाचे किंवा जलरंगाचे वर्ग, खुल्या मैदानातली मैफल, काव्यवाचन, चित्रकारांच्या स्टुडिओंना भेट, छोटी अनुदानं, एखाद्या सार्वजनिक भिंतीवरचं भित्तिचित्र. एवढं सगळं असूनही बरेच लोक वर्षातून एखाद्या मैफलीला जातात, टाळ्या वाजवतात आणि घरी येतात. बाकीचं 'कलाकार मंडळींसाठी' आहे, अशी त्यांची पक्की समजूत असते. ती खरी नाही. शाळा सुटल्यापासून ज्यांनी ब्रश हातात धरलेला नाही, त्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच यातले कितीतरी कार्यक्रम आखलेले असतात. प्रेक्षक म्हणून जरूर जा, पण तिथेच थांबू नका, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. पुढे कसं जायचं ते टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी परिषद समजून घ्या

दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४० मध्ये, ब्रिटनमध्ये संगीत आणि कलांना आधार देण्यासाठी एक समिती स्थापन झाली. लोकांपर्यंत मैफली, नाटकं आणि चित्रं पोहोचवणं हे तिचं काम. तिच्यातूनच १९४६ मध्ये ग्रेट ब्रिटनची कला परिषद उभी राहिली. अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचा त्यात मोठा वाटा होता. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या विन्स्टन-सेलम इथे १९४९ मध्ये स्थापन झालेली परिषद तिथल्या सुरुवातीच्या स्थानिक कला परिषदांपैकी एक मानली जाते. पुढे अनेक देशांत अशा परिषदा निघाल्या. काहींना सरकारचा पैसा मिळतो, तर काही वर्गणी आणि देणग्यांवर चालणाऱ्या नोंदणीकृत संस्था असतात.

हा इतिहास तुमच्या उपयोगाचा आहे. सरकारने पैसा द्यावा, पण कोणती कलाकृती निवडायची हे सरकारने ठरवू नये, असं तत्त्व ब्रिटिश परिषदेच्या घडणीत होतं. आजही पुष्कळ परिषदांत निवडीचं काम कलेतल्या जाणकारांच्या समितीकडे असतं. म्हणजे तुमचा अर्ज वाचणारा माणूस बहुधा स्वतः चित्रकार, नर्तक किंवा शिक्षक असतो आणि एकाच बैठकीत तो ढीगभर अर्ज वाचत असतो. त्याला भारदस्त शब्द नको असतात. तुम्ही नक्की काय करणार आहात, ते त्याला कळायला हवं असतं.

परिषदेत पगारी माणसं थोडी आणि स्वयंसेवक जास्त, असं चित्र बहुतेक ठिकाणी दिसतं. त्यामुळे फोन कोणी उचलला नाही तर हिरमुसू नका. ईमेल पाठवा, किंवा सरळ पुढच्या कार्यक्रमाला जाऊन समक्ष बोला.

वर्षाचं वेळापत्रक उलट्या बाजूने वाचा

आपण कार्यक्रमाची तारीख पाहतो. भाग घ्यायचा असेल तर अर्जाची शेवटची तारीख पाहायला हवी, आणि ती कित्येक महिने आधीची असते. प्रदर्शन पावसाळ्यानंतर असलं तरी त्याचं आवाहन, म्हणजे कलाकृती पाठवण्याचं जाहीर निमंत्रण, उन्हाळ्यातच निघून गेलेलं असू शकतं. अनुदानांचं चक्र बहुधा वर्षातून एकदाच फिरतं. या तारखा कॅलेंडरवर वेगळ्या रंगाने लिहून ठेवा आणि परिषदेच्या बातमीपत्रासाठी नाव नोंदवा. आवाहनं सगळ्यात आधी तिथेच येतात.

जगभर पाळल्या जाणाऱ्या काही दिवसांच्या आसपास परिषदा हमखास काहीतरी आखतात. २७ मार्चला जागतिक रंगभूमी दिन असतो, तो १९६२ पासून साजरा होतो. २९ एप्रिल हा आंतरराष्ट्रीय नृत्य दिन, १८ मे आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. २१ जूनचा संगीत उत्सव फ्रान्समध्ये १९८२ साली सुरू झाला आणि आता अनेक देशांत होतो. हौशी आणि व्यावसायिक दोघांनीही रस्त्यावर येऊन वाजवावं, ऐकणाऱ्यांना ते फुकट ऐकायला मिळावं, अशी त्यामागची कल्पना. घरातल्या घरात गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला लोकांसमोर येण्यासाठी याहून सोपा दिवस नाही.

एखाद्या वर्गाला बसा

इथे फार विचार करू नका. एका दिवसाची कार्यशाळा निवडा, साहित्य कोण देणार ते विचारा आणि जा. शुल्क परवडत नसेल तर सवलतीची जागा आहे का, हे मोकळेपणाने विचारा. अशा जागा राखलेल्या असतात आणि कोणी न विचारल्यामुळे रिकाम्याही राहतात. चाकाची खुर्ची आत जाते का, सांकेतिक भाषेचा दुभाषी मिळेल का, हेही आधी विचारा. आयोजकांना तयारीला वेळ लागतो.

पहिलं खुलं आवाहन

खरी उडी इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

आवाहनं ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. एकात नियमात बसणारं प्रत्येकाचं काम भिंतीवर लागतं, याला सर्वांसाठीचं किंवा सदस्यांचं प्रदर्शन म्हणतात. दुसऱ्यात परीक्षक निवड करतात. सुरुवात पहिल्या प्रकारापासून करा, असा माझा आग्रह आहे. तिथे नकाराची धास्ती नसते, आणि प्रदर्शनात काम ठेवण्यामागची सगळी कारागिरी शिकून होते.

आवाहन दोनदा वाचा. पहिल्यांदा विषयासाठी, दुसऱ्यांदा मापांसाठी. जास्तीत जास्त आकार किती, किती कलाकृती चालतील, काम गेल्या किती वर्षांतलं हवं, प्रवेशशुल्क आहे का, विकलेली कलाकृती प्रदर्शन संपेपर्यंत भिंतीवरच ठेवायची का. काही ठिकाणी कलाकृतीचा विमा परिषद काढते, काही ठिकाणी जबाबदारी तुमची असते. ही ओळ शोधून वाचाच.

मग फोटो. परीक्षक पहिल्या फेरीत चित्र पाहत नाहीत, चित्राचा फोटो पाहतात. चांगलं काम वाईट फोटोमुळे मागे पडतं आणि त्याची हळहळ फार वाटते. काच काढून टाका. चित्र बाहेर सावलीत, उभ्या भिंतीला टेकवून ठेवा. थेट ऊन नको, फ्लॅश नको. ढगाळ दिवस उत्तम. कॅमेऱ्याचं भिंग चित्राच्या बरोबर मध्यासमोर आलं पाहिजे आणि चित्र जितकं कललं असेल तितकाच मोबाइलही कलता धरायचा, नाहीतर चौकोनाचा पतंग होतो. अगदी जवळून घेतलं तर कडा फुगतात, म्हणून दोन पावलं मागे सरा आणि थोडं झूम करा. नंतर भिंत, फरशी, फ्रेम सगळं कापून फक्त चित्र ठेवा. रंग खुलवणारे फिल्टर लावू नका. प्रत्यक्ष काम त्याहून फिकं निघालं तर परिषद ते परत पाठवू शकते.

माप लिहिताना आधी उंची, मग रुंदी, असा प्रदर्शनांतला रिवाज आहे. ६० × ४५ सेंमी म्हणजे उभं चित्र. उलट लिहिलंत तर मांडणी करणारे आडव्या चित्राची जागा ठेवतील.

मागच्या बाजूला टांगायची सोय हवी. फ्रेमच्या दोन्ही उभ्या पट्ट्यांवर, वरून साधारण एक तृतीयांश अंतरावर, इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या कड्या स्क्रूने बसवा आणि त्यांतून तार ओढा. तार अगदी ताठ नको, किंचित सैल हवी. दातेरी पट्टीचा हुक पुष्कळ परिषदा घेतच नाहीत, कारण जरा धक्का लागला की चित्र सरकतं. तैलरंग असतील तर ते हाताला कोरडे लागायलाच हवेत, आणि त्याला जाडीनुसार काही दिवसांपासून काही आठवडेही लागतात. आदल्या रात्री संपवलेलं तैलचित्र घेऊन जाऊ नका.

किंमत ठरवताना अनेकांचं गणित चुकतं. विक्री झाली तर परिषद काही टक्के ठेवून घेते. समजा कपात ३० टक्के आहे आणि तुमच्या हाती १०० हवे आहेत. १०० वर ३० वाढवून १३० किंमत ठेवली, तर कपातीनंतर ९१ च उरतात. १०० ला ०.७ ने भागा, उत्तर १४३ येतं. ती खरी किंमत. विकायचंच नसेल तर लेबलवर स्पष्ट 'विक्रीसाठी नाही' लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

कामाबद्दल चार ओळी मागितल्या तर चारच लिहा. कशावर, कशाने आणि कशापायी केलं ते सांगा. 'माझी कला म्हणजे माझ्या अंतर्मनाचा आविष्कार' हे वाक्य परीक्षकांनी इतक्यांदा वाचलेलं असतं की ते नजरेखालून घरंगळून जातं. 'आजीच्या हातांचे हे चौथे चित्र, प्रत्येक वेळी तिने वेगळं काम हातात घेतलं होतं' असं काही लिहिलंत तर वाचणारा मान वळवून पुन्हा चित्राकडे पाहतो.

निवड झाली नाही तर परीक्षकांचा अभिप्राय मिळतो का, ते विचारा. आणि प्रदर्शन पाहायला नक्की जा. निवडलेली कामं पाहिली की परीक्षकाची नजर कळते. परीक्षक दर वर्षी बदलत असेल तर तेच चित्र पुढच्या वर्षी लागू शकतं, नियमात बसत असेल तर पुन्हा पाठवा.

मांडणीच्या दिवशी हात लावा

स्वयंसेवक व्हायचं असेल तर उद्घाटनाच्या संध्याकाळी पाहुण्यांना वाट दाखवण्यापेक्षा मांडणीचा दिवस मागून घ्या. चित्रं जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलेली असतात. कोणाशेजारी कोण, यावर हलक्या आवाजात चर्चा चालते. एक चित्र उचलून दुसरीकडे ठेवलं की अख्खी भिंत बदलते. दोन तासांत इथे जे कळतं, ते पुस्तकं वाचून हाती लागत नाही.

खिळ्याची उंची काढायचं सूत्र शिकून जा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंमीवर यावा, अशी बहुतेक दालनांत पद्धत असते. चित्र ६० सेंमी उंच असेल तर अर्धे ३०. मधून बोटाने तार वर ओढा आणि ती फ्रेमच्या वरच्या कडेपासून किती खाली येते ते मोजा, समजा ८. तीस वजा आठ, बावीस. १४५ मध्ये २२ मिळवा आणि १६७ सेंमीवर खूण करा. चित्रं लहान-मोठी असली तरी सगळ्यांचे मध्य एका रेषेत येतात.

भित्तिचित्राचा उपक्रम असेल तर उंचीची भीती बाळगून मागे राहू नका. फिलाडेल्फियात १९८४ मध्ये सुरू झालेल्या भित्तिचित्रांच्या सार्वजनिक उपक्रमात चित्र आधी हलक्या, न विणलेल्या कापडाच्या चौकोनांवर उतरवतात. कोणत्या भागात कोणता रंग, ते आकड्यांनी लिहिलेलं असतं. लहान मुलं, वयस्कर माणसं टेबलाशी बसून ते रंगवतात आणि मग चौकोन भिंतीवर चिकटवले जातात. ही पद्धत इतर ठिकाणीही वापरतात. तुमच्याकडे नसेल तर सुचवून पाहा.

स्वतःचा कार्यक्रम मांडा

एखाद-दोन कार्यक्रमांत हात लावलात की परिषदेला काय जमतं आणि कुठे हात अपुरे पडतात, ते दिसायला लागतं. मग स्वतःची कल्पना पानभर लिहून द्या. कोणासाठी, किती लोकांसाठी, कुठे, किती वेळ, काय लागेल, आणि त्यातलं तुमच्याकडे काय आहे. 'तरुणांसाठी कलाजागृती' असं लिहू नका. 'पंधरा जणांसाठी, तीन शनिवार, दोन-दोन तास, जुन्या कपड्यांच्या ठिगळांची गोधडी' असं लिहा. परिषदेचं मंडळ बैठकीत हो किंवा नाही म्हणू शकेल, इतकं ते ठाम असावं.

अनुदान मागत असाल तर अंदाजपत्रकात वस्तू आणि श्रमाच्या रूपातली मदतही दाखवा. कोणी सभागृह फुकट देत असेल तर त्याचं नेहमीचं भाडं जमेच्या बाजूला आणि खर्चाच्या बाजूलाही लिहायचं. स्वयंसेवकांचे तास तसेच. ज्या परिषदा अनुदानाइतकाच वाटा अर्जदाराकडून मागतात, त्यांतल्या अनेक ठिकाणी तो अशा रूपात चालतो. तसा नियम आहे का, हे मात्र मार्गदर्शक पुस्तिकेत पाहून घ्या. आणि शिकवणाऱ्या कलाकाराचं मानधन अंदाजपत्रकात धराच. तो तुम्ही स्वतः असलात तरी. फुकट काम करण्याची सवय एकाने लावली की पुढच्या प्रत्येकाकडून तीच अपेक्षा होते, आणि ज्यांना ते परवडत नाही ते कलेतून बाहेर पडतात.

अर्ज शेवटच्या तारखेच्या निदान दोन आठवडे आधी तयार ठेवा आणि परिषदेतल्या अनुदानांचं काम पाहणाऱ्या व्यक्तीला तो दाखवा. कच्चा अर्ज वाचून सूचना देणं हा अनेक ठिकाणी त्यांच्या कामाचाच भाग असतो. मंजुरी मिळाली तर करारपत्रावर सही होईपर्यंत त्या पैशाच्या भरवशावर काही खरेदी करू नका, कारण त्याआधीचा खर्च बहुधा धरला जात नाही. कार्यक्रमाच्या पहिल्या दिवसापासून पावत्या आणि हजेरीचा कागद एकाच फाइलमध्ये ठेवा. सहभागी लोकांचे फोटो काढण्याआधी त्यांची, आणि मुलं असतील तर पालकांची, लेखी परवानगी घ्या. शेवटचा अहवाल लिहायला बसाल तेव्हा हेच कागद लागतात.