फायबरग्लासच्या किट कारला रंग कसा द्यावा: साच्याच्या सांध्यापासून पॉलिशपर्यंत

घरी जोडलेल्या क्लासिक धाटणीच्या गाडीची बॉडी बहुतेक वेळा फायबरग्लासची असते आणि रंगकामाची आपली माहिती मात्र पत्र्याच्या गाड्यांवरून आलेली असते. घोळ होतो तो इथेच. पत्रा उष्णता पसरवतो आणि एकदा सरळ केला की सरळ राहतो. फायबरग्लास साच्यातून निघाल्यावरही कित्येक आठवडे थोडाथोडा आकसत राहतो, उष्णता एकाच जागी धरून ठेवतो, धूळ ओढून घेतो आणि त्याच्या पोटात हवेचे बुडबुडे दडलेले असतात. हा स्वभाव ओळखून काम केलं तर गॅरेजमध्येही देखणा रंग बसतो.

किट कारचा छंद ब्रिटनमध्ये चांगलाच रुजला. सुट्या भागांतून घरी जोडलेल्या गाडीवर परचेस टॅक्स लागत नसे, म्हणून १९५७ साली आलेली लोटस सेव्हन ही छोटी स्पोर्ट्स कार कित्येकांनी स्वतः जोडली. १९७३ मध्ये व्हॅट आला, सवलत गेली, छंद टिकला. इथे उदाहरण घेतलं आहे एसी कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारच्या धाटणीच्या बॉडीचं. फुगीर मडगार्ड, गोल नाक आणि सपाट जागा जवळजवळ नाहीच, त्यामुळे रंगाची परीक्षा इथे सगळ्यात कडक असते. सेव्हनसारख्या गाडीत नाक आणि मडगार्ड फायबरचे, पण बाजूचे पत्रे ॲल्युमिनियमचे असतात. त्या पत्र्यांना आधी एच प्रायमर (etch, म्हणजे धातूला किंचित खाऊन पकड घेणारा) किंवा इपॉक्सी प्रायमर लागतो. फायबरला एच प्रायमरचा काहीही उपयोग नाही.

रंगाआधी गाडी पूर्ण जोडून बघा

बॉडी घोडीवर ठेवून रंगवली आणि मग चासीवर बसवली, तर दारांच्या फटी हमखास बदलतात. कारण बोल्ट आवळले की बॉडी वाकते. म्हणून बॉडी चासीवर कायमच्या बोल्टांनी बसवा, दारं, बॉनेट, डिकी बिजागरांसकट लावा आणि मगच फटींना हात घाला. तयार फट ४ मिलिमीटरची हवी असेल तर आत्ता साडेचार ते पाच ठेवा, कारण प्रायमर, रंग आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मिळून दोन्ही कडांवर थर चढतो. मोजायला योग्य जाडीची प्लायची पट्टी पुरते. फट मोठी असेल तिथे कडेला काचतंतू मिसळलेली लांबी (पुट्टी) लावून कड वाढवा. साध्या लांबीची कड पहिल्याच आपटलेल्या दारासरशी तुटते.

दिवे, पेट्रोलचं झाकण, काचेचे खांब, रोल बार, आरसे या सगळ्यांची भोकं आत्ताच पाडा. भोकाच्या जागी मास्किंग टेप चिकटवा आणि होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) आधी उलटा फिरवून जेलकोट, म्हणजे फायबरचं बाहेरचं गुळगुळीत कवच, कापा, मग सुलटा चालवा. सरळ सुरुवात केली तर जेलकोटच्या कपच्या उडतात.

ब्रिटनमध्ये गाडी रस्त्यावर आणायची तर आयव्हीए ही एकेका गाडीची मंजुरी तपासणी पार करावी लागते. त्या तपासणीत बाहेरच्या कडांना किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई लागते. ही गोलाई रंगाआधी घासून द्या. रंग झाल्यावर कड घासणं फार जिवावर येतं.

आधी धुणं, मग घासणं

साच्यातून बॉडी सुटावी म्हणून मेण आणि पीव्हीए (प्लॅस्टिकसारखा पातळ पापुद्रा धरणारं द्रावण) लावलेलं असतं. हे दोन्ही पृष्ठभागावर राहतात. तसंच घासायला घेतलं तर सँडपेपर ते मेण ओरखड्यांत दाबून बसवतो आणि रंगाच्या वेळी जागोजागी गोल खड्डे पडतात. या खड्ड्यांना फिश आय म्हणतात.

पीव्हीए पाण्यात विरघळतं. त्यामुळे आधी गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि खरखरीत स्पंजने बॉडी दोनदा धुवा. वाळल्यावर मेण-तेल काढणारं द्रावण घ्या. एका फडक्याने लावायचं आणि ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचं. सुकू दिलं तर मेण जागचं हलतच नाही. फडकी दर एका भागानंतर बदला. टायर किंवा डॅशबोर्ड चमकवणारा सिलिकॉनचा स्प्रे या काळात गॅरेजच्या आसपासही नको.

बुडबुडे उन्हात बाहेर काढा

रंगाआधी बॉडी दोन-चार दिवस चांगल्या उन्हात ठेवा, किंवा हीटरने हळूहळू ५० अंशांपर्यंत गरम करा. जेलकोटखाली अडकलेली हवा फुगते आणि पातळ कवच वर येतं किंवा फुटतं. जे बुडबुडे आत्ता फुटत नाहीत ते पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या रंगातून फुटतील. मडगार्डच्या कडा, दिव्यांभोवतीचे कोपरे आणि हवा आत घेणाऱ्या तोंडाची गोलाई इथे ते जास्त सापडतात, कारण तीव्र वळणावर काचतंतूंची चटई नीट दबत नाही. नखाने किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलात तर पोकळ जागेचा आवाज वेगळा येतो. तिथे छोट्या ग्राइंडरने कवच पूर्ण उघडा. वरवर लांबी फासून पोकळी तशीच ठेवू नका.

साच्याचे भाग जिथे जुळतात तिथे बॉडीवर उंच रेघ आलेली असते. ती ८० नंबरच्या पेपरने सपाट करा. रेघेखाली पोकळी निघाली तर व्ही आकाराची खाच करून काचतंतूच्या लांबीने भरा. ताऱ्यासारख्या चिरा दिसल्या तर आतून चटई आणि रेझिनचे दोन थर देऊन ताकद वाढवा, मगच बाहेरची चीर खोलून भरा. आतला आधार न देता भरलेली चीर परत येते.

लांबी आणि ठोकळा

लांबी धरावी म्हणून जेलकोट ८० नंबरने घासून पूर्ण निस्तेज करा. लांबीत हार्डनर (ती घट्ट करणारं रसायन) वजनाने साधारण २ टक्के. जास्त घातला तर उरलेला हार्डनर वरच्या रंगाशी प्रक्रिया करतो आणि डाग वर येतात. कमी घातला तर लांबी चिकट राहते. मिसळताना सुरी पाटीवर दाबून ओढा. फेटल्यासारखं ढवळलं तर हवा मिसळते आणि टाचणीएवढी भोकं पडतात. लांबी नेहमी कोरडीच घासा, कारण ती पाणी शोषते आणि ते पाणी पुढे रंगाखाली फुगवटे आणतं.

घासकामात हाताचं बोट कधीही पेपरमागे नको. बोटाने घासलेली जागा बोटाएवढी खोल जाते आणि चकचकीत रंगात लाटा दिसतात. कोब्राच्या मडगार्डांसाठी ४० सेंटिमीटर लांब, वाकणारा ठोकळा घ्या. तो तिरका धरा आणि आधी एका कर्णरेषेत, मग दुसऱ्या कर्णरेषेत चालवा. ८० ने आकार, १२० ने ओरखडे कमी, १८० ने शेवट. मग डोळे मिटून तळहात लांबवर फिरवा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा तळहाताला कळतो, विशेषतः हाताखाली पातळ सुती फडकं ठेवलं तर.

प्रायमर

हाय-बिल्ड (जाड थर देणारा) टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा प्रायमर, फवारणीच्या गनला १.७ ते १.८ मिलिमीटर नोझल, तीन हात, प्रत्येक हातानंतर १० ते १५ मिनिटं थांबणं. एका कोब्रा बॉडीला घासून पुन्हा मारण्यासकट सुमारे ५ लिटर प्रायमर धरा. चार भागांस एक भाग असं प्रमाण असेल तर हार्डनर सव्वा लिटर. प्रमाण ज्या त्या कंपनीच्या तांत्रिक पत्रकावरच बघा आणि एका कंपनीचा हार्डनर दुसऱ्याच्या प्रायमरमध्ये घालू नका.

प्रायमर वाळल्यावर त्यावर काळी गाइड कोट पावडर चोळा. ठोकळ्याने घासताना खोलगट जागी काळं उरतं, उंच जागी प्रायमर लवकर निघून खालचा थर दिसतो. कुठे भरायचं आणि कुठे घासायचं ते बॉडी स्वतःच सांगते. आधी १८०, मग ३२०, लागेल तिथे पुन्हा प्रायमर. बहुतेक बॉडींना या दोन-तीन फेऱ्या लागतातच.

आता सगळ्यात अवघड काम, म्हणजे थांबणं. घासलेली बॉडी किमान दोन आठवडे, जमलं तर महिनाभर, ऊन लागेल अशी ठेवा. लांबी आणि प्रायमर आकसतात आणि सांध्याची रेघ अनेकदा पुन्हा उमटते. ती आत्ता उमटलेली बरी. त्यानंतर शेवटचं घासकाम ओल्या ५०० ते ६०० नंबरने.

गडद रंग ठरवला असेल तर हा काळ आणखी महत्त्वाचा. काळी किंवा गडद निळी बॉडी कडक उन्हात ७० अंशांपर्यंत तापू शकते. त्या तापमानाला साधं पॉलिस्टर रेझिन नरम पडू लागतं आणि काचतंतूंची वीण रंगातून दिसायला लागते. बॉडी नवी असेल तर फिकी छटा निवडणं शहाणपणाचं.

फवारणी: आधी श्वास, मग रंग

टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि त्यांच्यामुळे कायमचा दमा जडू शकतो. घातक प्रमाणात असले तरी त्यांचा वास येत नाही, त्यामुळे मास्कचं फिल्टर संपलंय हे कळतच नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्कच हवा, शिवाय नायट्राइल हातमोजे आणि पूर्ण अंगाचा सूट. फवारणी संपल्यावरही धुकं खोलीत तरंगत असतं. रंग कसा आलाय ते बघायला मास्क वर करायचा नाही. ही व्यवस्था घरी होत नसेल, किंवा धुकं शेजाऱ्यांच्या खिडकीत जात असेल, तर प्रायमरचं घासकाम घरी करून प्रायमरचे आणि रंगाचे हात भाड्याच्या बूथमध्ये मारा. मेहनतीचा मोठा वाटा घासकामातच असतो, त्यामुळे गाडी तुम्हीच रंगवलेली राहते.

हवामान बघा. बॉडीचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर हवं. कोकणात पावसाळ्यात २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असते, तेव्हा दवबिंदू २५ च्या वर असतो, म्हणजे जागाच उरत नाही. ओलावा हार्डनरशी प्रक्रिया करतो, बारीक फुगे येतात आणि चमक मरते. ब्रिटनमधली अडचण उलटी. हिवाळ्यात गॅरेज १० अंशांवर असतं आणि १५ च्या खाली रंग धड वाळतच नाही. तिथे उघड्या ज्योतीचा गॅस हीटर लावणं दुहेरी धोक्याचं, कारण थिनरची वाफ पेट घेते आणि जळणारा गॅस खोलीत पाण्याची वाफ सोडतो.

फायबर घासलं की स्थिर विद्युत साठते आणि धूळ चिकटते. जमीन ओली करा, बॉडी अँटिस्टॅटिक द्रावणाने पुसा आणि टॅक क्लॉथ (धूळ टिपणारं चिकट फडकं) अगदी हलक्या हाताने फिरवा.

बेस कोटसाठी, म्हणजे क्लिअरखालच्या रंगाच्या थरासाठी, १.३ मिलिमीटर नोझल, अंतर १५ ते २० सेंटिमीटर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. गन मनगटाने फिरवायची नाही, अख्खा हात बॉडीला समांतर न्यायचा. कडा आणि दारांच्या आतल्या बाजू आधी, मोठे भाग नंतर. मेटॅलिक असेल तर सुटी दारं आणि बॉनेट गाडीवर असतात त्याच दिशेने टांगा. आडवं ठेवून मारलेलं मेटॅलिक उभ्याशी जुळत नाही. रंग सुमारे ३ लिटर, क्लिअर ३ लिटर अधिक दीड लिटर हार्डनर, सगळं एकाच वेळी विकत घ्या.

कोब्राचे दोन पांढरे पट्टे हवे असतील तर आधी मधला भाग पांढरा मारा, पट्टे फाइन-लाइन टेपने झाका, मग निळा. गडद रंग फिक्यावर सहज बसतो, उलट करताना पांढऱ्याचे फार हात लागतात. आखणी करताना बॉनेट आणि डिकी बंद हवी. मध्यरेषा मोजपट्टीने काढून झाली की पाच-सहा पावलं मागे जाऊन डोळ्यानेही तपासा, कारण साच्यातली बॉडी दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखी नसते. दोन्हींत फरक आला तर डोळ्याचं ऐका. टेप रंग मऊ असतानाच, स्वतःवर दुमडत काढा.

क्लिअरचे दोन-तीन हात. पहिला हलका, पुढचे भरलेले. फार लवकर पुढचा हात मारला तर खालचा थिनर अडकून बारीक भोकं पडतात. गन फार लांब किंवा हवा कमी असेल तर संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. ओघळ आला तर ओला असताना बोट लावू नका. पूर्ण वाळल्यावर ठोकळ्यावर १००० नंबर लावून फक्त ओघळ उतरवा.

घासून चमक आणि परत जोडणी

क्लिअरला किमान आठवडा द्या. मग ओल्या १५००, २००० आणि ३००० नंबरने, ठोकळ्यावरच. सगळ्या धारदार कडांवर टेप लावा, कारण तिथे क्लिअर सगळ्यात पातळ असतं. पत्र्यावर चालणारं जाडी मोजायचं चुंबकीय यंत्र फायबरवर चालत नाही, त्यामुळे किती उरलंय ते कळत नाही. बफिंगची उष्णताही एकाच जागी साठते. मशिनचा वेग कमी ठेवा, एका जागी थांबू नका, मध्येमध्ये हाताने तापमान बघा. सुरुवातीचे दोन-तीन महिने मेण लावू नका आणि रात्री आच्छादन टाकू नका, आतला थिनर अजून बाहेर पडत असतो.

जोडताना प्रत्येक दिव्याखाली आणि खांबाखाली रबरी गास्केट आणि आतून मोठा वॉशर द्या. भोक स्क्रूपेक्षा मिलिमीटरभर मोठं हवं. आवळताना रबर थोडं दबलं की थांबा. जास्त आवळलेल्या बोल्टभोवती काही महिन्यांत चिरांचा तारा उमटतो आणि त्या जागेचं काम पुन्हा चटई आणि रेझिनपासून सुरू करावं लागतं.