कॉलेजचा कोच एनएफएलमध्ये जाणार का? अफवा पारखायची रीत

नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण उलटला की अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये अफवांचा हंगाम सुरू होतो. जिंकणाऱ्या एखाद्या कोचचं नाव एनएफएलच्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या) तीन-चार टीमशी जोडलं जातं, टीव्हीवर तासभर चर्चा होते आणि जानेवारीअखेर तो कोच आपल्या जागेवरच असतो. मधूनच एखादी अफवा खरी निघते. ती कोणती, हे बरंच आधी ओळखता येतं. त्यासाठी कोच काय बोलतो ते सोडून द्यायचं आणि चार गोष्टी बघायच्या: करार, एनएफएलचा पूर्वानुभव, सध्याच्या जागेवरून ढकलणारं काही आहे का, आणि समोरच्या टीमकडे काय आहे. तिसऱ्या गोष्टीकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. आमच्या मते तीच सगळ्यात जास्त सांगते.

सुरुवात 'नाही'पासून करा

आधी मूळ प्रमाण डोक्यात पक्कं असू द्या. २०२२ ते २०२५ या चार भरती-हंगामांत एनएफएलमध्ये ३० हेड कोच नेमले गेले. त्यातला कॉलेजच्या हेड कोचपदावरून थेट आलेला एकच, मिशिगनचा जिम हार्बो, २०२४ मध्ये चार्जर्सकडे. बाकीचे बहुतेक एनएफएलचेच कोऑर्डिनेटर (हल्ला किंवा बचाव सांभाळणारे सहायक कोच) किंवा तिथले जुने हेड कोच. म्हणून कुठल्याही नावाला 'नाही' हेच पहिलं उत्तर. पुढचा प्रत्येक पुरावा त्या 'नाही'ला किती हलवतो, एवढंच मोजायचं.

नकाराची किंमत शून्य

२१ डिसेंबर २००६ रोजी एनएफएलच्या मायामी डॉल्फिन्सचा कोच निक सेबन याने आपण अलाबामा विद्यापीठाचा कोच होणार नाही असं पत्रकारांना स्वच्छ सांगितलं. ३ जानेवारी २००७ ला तो अलाबामाचा कोच झाला. प्रवास उलट दिशेचा असला तरी नियम तोच. ऑरेगॉनच्या चिप केलीने जानेवारी २०१३ मध्ये एनएफएलच्या टीमशी बोलणी केली, मग तो ऑरेगॉनमध्येच राहणार अशी बातमी आली आणि १६ जानेवारीला फिलाडेल्फिया ईगल्सने त्याची नेमणूक जाहीर केली.

यात लबाडीपेक्षा नाइलाज जास्त असतो. डिसेंबरात शाळकरी खेळाडू कॉलेजच्या कागदांवर सह्या करतात; २०२४ मध्ये ही खिडकी ४ ते ६ डिसेंबर होती. त्या आठवड्यात कोच 'बघू' म्हणाला, तर सतरा वर्षांचा मुलगा संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कॉलेजला फोन लावतो. थोडक्यात, जाणारा आणि न जाणारा दोघेही तेच वाक्य बोलतात, त्यामुळे त्या वाक्यातून काहीच कळत नाही.

सही मात्र बोलते. विद्यापीठाने नवा करार पुढे केलाय आणि आठवडे उलटले तरी कोचची सही नाही, ही ठोस खूण. २०२३ च्या हंगामात मिशिगनने हार्बोपुढे मोठा करार ठेवला होता. तो बिनसहीचाच राहिला.

करार कुठे मिळतो आणि त्यात काय वाचायचं

सरकारी विद्यापीठाच्या कोचचा करार हा सार्वजनिक दस्तऐवज असतो. मिशिगन, ओहायो स्टेट, अलाबामा, जॉर्जिया यांचे करार स्थानिक वर्तमानपत्रं मागवून घेतात आणि जसेच्या तसे छापतात. पगारांची वार्षिक यादी यूएसए टुडे काढतं. नोत्र दाम, यूएससी, स्टॅनफर्ड ही खाजगी विद्यापीठं. त्यांचा करार बाहेर येत नाही. त्यांच्या कर-विवरणातून पगाराचा आकडा कळतो, पण वर्षभराहून जास्त उशिरा. म्हणून खाजगी विद्यापीठाच्या कोचचं बायआउट (करार मधेच मोडल्यास भरायची रक्कम) कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर ते त्याला कोणी आणि का सांगितलं असेल, हा प्रश्न आधी विचारा.

करार हातात आला की तीन कलमं शोधायची. पहिलं, कोच स्वतः सोडून गेला तर त्याने भरायची रक्कम. ती दरवर्षी घटते आणि घटण्याची तारीख ठरलेली असते. ती तारीख जानेवारीच्या आसपास असेल तर खूण करून ठेवा, कारण हालचाल बहुधा तिच्यानंतर होते. दुसरं, एनएफएलसाठी वेगळा आकडा आहे का. अशी वेगवेगळी कलमं खरोखर असतात. क्लेमसनच्या डॅबो स्विनीच्या करारात अलाबामाला गेल्यास जास्त रक्कम भरायची अट होती. तिसरं, विद्यापीठाने काढलं तर कोचला मिळणारी रक्कम. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्सस ए अँड एमने जिंबो फिशरला काढलं, तेव्हा विद्यापीठावर सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलरचं देणं आलं.

इतकी सुरक्षितता असताना 'पैशासाठी जाईल' हा तर्क लंगडा ठरतो. जॉर्जियाच्या कर्बी स्मार्टला २०२४ च्या करारानुसार वर्षाला १ कोटी ३० लाख डॉलर मिळतात. एवढ्यावर कोणी फक्त पगारवाढीसाठी घर हलवत नाही. उलट बाजूने, मोठं बायआउट म्हणजे भक्कम कुलूप असंही समजू नका. एनएफएलच्या मालकाला ती रक्कम जड नसते.

पूर्वानुभव: मालक कशाला घाबरतात

कॉलेजचं राष्ट्रीय विजेतेपद आणि सुपर बोल (एनएफएलचं अजिंक्यपद) दोन्ही जिंकणारे हेड कोच तीनच: जिमी जॉन्सन, बॅरी स्वित्झर, पीट कॅरल. अपयशाची यादी याहून लांब आहे. फ्लोरिडाला १९९६ चं विजेतेपद मिळवून देणारा स्टीव्ह स्पुरिअर वॉशिंग्टनला दोन हंगामांत १२ जिंकला, २० हरला. सेबन डॉल्फिन्सकडे १५-१७. बेलरहून आलेल्या मॅट रूलला कॅरोलायना पँथर्सने सात वर्षांचा करार दिला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ११-२७ वर काढून टाकलं. अर्बन मायर जॅक्सनव्हिलला १३ सामनेच टिकला: २-११.

कारणं मैदानावरच दिसतात. मैदानाची रुंदी दोन्हीकडे १६० फूट. पण चेंडू जिथून खेळला जातो त्या हॅश खुणांमधलं अंतर कॉलेजमध्ये ४० फूट आणि एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच. कॉलेजात चेंडू एका हॅशवर असला की दुसऱ्या बाजूला १०० फूट मोकळं मैदान मिळतं. तिथे वेगवान रिसीव्हर (पास झेलणारा) उभा करून डिफेन्स फाडता येतो. एनएफएलमध्ये ही मोकळी बाजू जेमतेम ८९ फुटांची. दुसरा फरक लाइनमनचा, म्हणजे पुढच्या फळीत अडवणाऱ्या खेळाडूंचा. कॉलेजमध्ये फॉरवर्ड पासच्या वेळी ते ३ यार्ड पुढे गेलेले चालतात, एनएफएलमध्ये फक्त १ यार्ड. धावणं की पास हे चेंडू सुरू झाल्यावर ठरवणाऱ्या ज्या खेळींवर कॉलेजचे हल्ले चालतात, त्यांचा अर्धा जीव या दोन यार्डांत असतो.

तिसरा फरक माणसांचा. मोठं कॉलेज उत्तम खेळाडू गोळा करतं आणि वर्षातले निम्मे सामने दुबळ्या टीमशी खेळतं. एनएफएलमध्ये ५३ जणांचा संघ, पगारावर सगळ्यांना सारखी मर्यादा (२०२४ मध्ये २५ कोटी ५४ लाख डॉलर) आणि १७ सामने. तिथे भरतीतली हुकमत कामाला येत नाही. मिनतवाऱ्यांनी घरी जाऊन आणलेला मुलगा वेगळा आणि कोट्यवधींच्या करारावर आलेला तिशीतला गडी वेगळा. पहिल्यावर चालणारा दरारा दुसऱ्यावर चालत नाही.

म्हणून मालकांना एनएफएल आतून पाहिलेला कोच हवा असतो. हार्बो १४ हंगाम तिथे क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) होता आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोला त्याने सुपर बोलपर्यंत नेलं. कॅरल सिअॅटलआधी जेट्स आणि पेट्रियट्सचा हेड कोच होता. पूर्वानुभव कोरा असेल तर 'नाही' आणखी घट्ट करा. जिमी जॉन्सन इथे अपवाद: १९८९ मध्ये डॅलसला पहिल्याच हंगामात १-१५, आणि तरी पुढे सलग दोन सुपर बोल. पण खेळाडू निवडायची मोकळीक त्याच्या हातात होती आणि मालक थांबायला तयार होता. आज एवढा धीर कोण धरतो?

मागून कोण ढकलतंय?

तीन मोठी स्थलांतरं शेजारी ठेवा. कॅरलने जानेवारी २०१० मध्ये यूएससी सोडलं. जूनमध्ये कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएने यूएससीवर दोन वर्षांची बोल-बंदी (हंगामानंतरच्या सामन्यांना मनाई) आणि ३० शिष्यवृत्त्यांची कपात लादली. चिप केली जानेवारी २०१३ मध्ये गेला. भरतीच्या प्रकरणात जून २०१३ मध्ये त्याच्यावर १८ महिन्यांचा शो-कॉज आदेश निघाला. हार्बोने २०२३ मध्ये दोन वेगवेगळ्या प्रकरणांत तीन-तीन सामन्यांचं निलंबन भोगलं, जानेवारी २०२४ मध्ये तो गेला आणि ऑगस्टमध्ये चार वर्षांचा शो-कॉज आला. शो-कॉज म्हणजे त्या मुदतीत दुसऱ्या कॉलेजला त्याला घेणं जवळपास अशक्य. तिघेही चौकशीला भिऊनच पळाले असं म्हणता येणार नाही. कॅरलने ते नाकारलंय आणि हार्बोची एनएफएलची ओढ जुनी होती. तरी चौकशी सुरू असताना राहण्याची गोडी कमी होते, हे उघड आहे. तेव्हा एनसीएएची नोटीस आली आहे का, हे पहिल्या दिवशीच तपासा.

दुसरा धक्का २०२१ नंतरचा. त्या वर्षी खेळाडूंना नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली, ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलायची व्यवस्था) मोकळं झालं आणि कोचला स्वतःच्याच खेळाडूंना दरवर्षी नव्याने राजी करावं लागू लागलं. या दमणुकीची सर्वात बोलकी खूण म्हणजे खालच्या पदावर जाणं: जानेवारी २०२४ मध्ये जेफ हॅफ्लीने बॉस्टन कॉलेजचं हेड कोचपद सोडून ग्रीन बेचं डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरपद घेतलं. अर्थात जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीने कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची वाट मिळाली, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ज्याच्या मागे श्रीमंत माजी विद्यार्थी आहेत त्याचा त्रास यामुळे हलका होतो, बाकीच्यांचा वाढतो.

तिसरा धक्का ॲथलेटिक डायरेक्टरशी (विद्यापीठाच्या क्रीडाप्रमुखाशी) बिनसणं. हे राष्ट्रीय वाहिन्यांवर शेवटी कळतं. गावच्या पेपरचा, रोज त्याच टीमवर लिहिणारा बीट रिपोर्टर वाचत जा.

समोरच्या टीममध्ये काय बघायचं

क्वार्टरबॅक, आणि मग खेळाडू निवडणाऱ्या जनरल मॅनेजरची खुर्ची. २००६ मध्ये डॉल्फिन्सने खांद्याच्या दुखापतीमुळे ड्र्यू ब्रीझला टाळून डॉन्टे कल्पेपरला घेतलं. कल्पेपर त्या हंगामात चारच सामने खेळला आणि सेबन वर्षअखेर बाहेर पडला. कॉलेजचा कोच बॉबी पेट्रिनो क्वार्टरबॅक मायकल व्हिकच्या भरवशावर एनएफएलच्या अटलांटाला गेला. पहिल्या सामन्याआधीच व्हिक कुत्र्यांच्या झुंजींच्या खटल्यात अडकला आणि १३ सामन्यांनंतर पेट्रिनोने आर्कान्सा विद्यापीठ गाठलं. कॉलेज कोचांना हे पाठ असतं. ज्या टीमकडे तरुण, सिद्ध झालेला क्वार्टरबॅक नाही, तिच्याशी जोडलेलं नाव बहुधा हवेतलं.

मॅनेजर कायम ठेवून फक्त कोच काढला असेल, तर नव्या माणसाला खेळाडू निवडीत कमी वाव. दोन्ही खुर्च्या एकदम रिकाम्या झाल्या की कान टवकारा. चार्जर्सने १५ डिसेंबर २०२३ रोजी दोघांनाही काढलं आणि क्वार्टरबॅक होता जस्टिन हर्बर्ट.

तारखा

एनएफएलची साखळी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते आणि सोमवारी सकाळी कोच काढले जातात. भारतात तेव्हा संध्याकाळ झालेली असते. त्यानंतरचे तीन आठवडे खरे. 'सगळं ठरलंय' अशी बातमी पहिल्याच दिवशी आली तर सबुरी ठेवा: रूनी नियमानुसार टीमला बाहेरच्या किमान दोन वांशिक अल्पसंख्याक उमेदवारांची प्रत्यक्ष मुलाखत घ्यावीच लागते. दुसऱ्या एनएफएल टीमच्या नोकरीत असलेल्यांना प्रत्यक्ष मुलाखतीसाठी प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीपर्यंत थांबावं लागतं. कॉलेज कोचवर हे बंधन नाही. म्हणून तो जाणार असेल तर वेगाने जातो. हार्बोने ८ जानेवारी २०२४ ला विजेतेपद जिंकलं, १५ ला चार्जर्सशी मुलाखत, २४ ला नेमणूक. उलट २ फेब्रुवारी २०२२ ला तो एनएफएलच्या मिनेसोटाला दिवसभर मुलाखत देऊन हात हलवत परत आला. मुलाखत म्हणजे नोकरी नव्हे. फेब्रुवारीचा मध्य ओलांडला की त्या वर्षापुरता विषय संपवा.

कशाकडे दुर्लक्ष करायचं

एजंटने सोडलेल्या पुड्यांकडे. एकाच एजंटकडे अनेक कोच असतात आणि एनएफएलचं नाव निघालं की कॉलेज पगार वाढवतं. अफवेनंतर दोन आठवड्यांत नवा करार झाला, तर अफवेचं काम झालं असं समजा. खाजगी विमानांचा माग काढणाऱ्या चाहत्यांचीही करमणूक तेवढी घ्या. तीच विमानं भरतीच्या दौऱ्यांनाही उडतात. सट्ट्याचे भाव ट्वीटमागे धावतात, पुढे कधीच नाही.

एकाच नावावर तीन हिवाळे

२०२२: हार्बोकडे पूर्वानुभव होता, ढकलणारं फारसं काही नव्हतं, मिनेसोटाकडे वय वाढत चाललेला कर्क कझिन्स. उत्तर 'कदाचित', निकाल 'नाही'. २०२३: डेन्व्हरशी बोलणी, भरतीची चौकशी नुकतीच सुरू झालेली, पण राष्ट्रीय विजेतेपद अजून बाकी. पुन्हा 'नाही'. २०२४: पूर्वानुभव, दोन चौकशा, बिनसहीचा करार, हर्बर्ट, रिकामी मॅनेजरची खुर्ची आणि कॉलेजात जिंकायचं काही उरलेलं नाही. तेव्हा अफवेची गरजच नव्हती.

अंदाज बांधताना हेच कोष्टक वापरा. चारपैकी एकच खूण असेल तर 'नाही'वर ठाम राहा. दोन असतील तर बिनसहीच्या कराराचा शोध घ्या. तीन असतील, त्यात चौकशी आणि क्वार्टरबॅक दोन्ही असतील, तर कॉलेजकडे बदली कोच म्हणून कोणाकोणाची नावं घेतली जातायत ते आताच बघायला लागा.